लिंक आली, नेटवर्क गेलं

आमच्या धंद्यात केबल खोचली की एकच प्रश्न जिन्यातून ओरडून विचारला जातो, "लिंक आली का?" स्विचपाशी उभा असलेला पोरगा पोर्टजवळचा हिरवा दिवा बघतो, "आली, आली" म्हणतो आणि आम्ही शिडी उचलतो. सांगली, मिरज, इचलकरंजी या पट्ट्यात पतसंस्था, दवाखाने, शाळा-कॉलेजं आणि सूतगिरण्यांच्या ऑफिसांत नेटवर्कची कामं करत माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यात माझ्या हातून ज्या मोठ्या चुका झाल्या, त्या जवळपास सगळ्या तो हिरवा दिवा छान लागलेला असताना झाल्या. दिवा लागलाच नाही तर फारसं बिघडत नाही. माणूस कनेक्टर कापतो, नवा मारतो, केबल तपासतो. दिवा लागल्यावर मात्र तो बघायचं थांबतो.

तो दिवा सांगतो इतकंच, की केबलच्या दुसऱ्या टोकाला चालू असलेलं एक यंत्र आहे आणि दोघांना एकमेकांचे संकेत पोचताहेत. ते यंत्र कोणतं, ते तिथे असायला हवं का, माल नीट पोचतोय की वाटेत सांडतोय, यातलं काहीही दिव्याला ठाऊक नसतं. हे मला कुणी शिकवलं नाही. गिऱ्हाइकांच्या पैशाने शिकलो, म्हणून लिहितोय.

सुरुवात रंगांपासून झाली. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. मी काम शिकलो ते बघून बघून, आणि मला सांगितलं गेलं होतं ते एवढंच: "दोन्ही टोकांना सारखे रंग लाव, सरळला सरळ." मला ते पटलं. मग मी माझा स्वतःचा क्रम बसवला, नारिंगीची जोडी, हिरवीची जोडी, निळीची, तपकिरीची. दिसायला नीटनेटका. सगळे लावतात तो क्रम मला उगाच वाकडा वाटायचा. त्यात पांढरा-हिरवा तिसऱ्या जागी, मग मध्येच निळा, पांढरा-निळा, आणि नुसता हिरवा पार सहाव्या जागी. टेस्टरवर माझ्या केबलचे दिवे एक ते आठ क्रमाने लागायचे. दुकानातल्या टेबलावर लहान तुकड्यावर सगळं चालायचं.

मिरजेतल्या एका दवाखान्यात रिसेप्शनपासून मागच्या इमारतीतल्या लॅबपर्यंत अशी लांब केबल टाकली. लिंक आली. पण लॅबचा रिपोर्ट रिसेप्शनवर उघडायला इतका वेळ लागे, की पेशंट टेकून झोपी जाई. मी आधी अँटिव्हायरसला दोष दिला. मग कंप्युटर जुना आहे म्हणालो आणि डॉक्टरसाहेबांना रॅम विकत घ्यायला लावली. फरक शून्य. शेवटी टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले एक काका दुसऱ्याच कामाला तिथे आले होते. त्यांनी माझा कनेक्टर उजेडात धरला आणि म्हणाले, "अरे बाळा, जोडी फोडलीस की."

जोडी फोडणं म्हणजे असं. कनेक्टरच्या पहिल्या-दुसऱ्या जागेवर एक जोडी लागते, तिसऱ्या-सहाव्यावर दुसरी, चौथ्या-पाचव्यावर तिसरी आणि सातव्या-आठव्यावर चौथी. जोडीतल्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात. बाहेरून येणारा विजेचा गोंगाट दोघींवर सारखाच पडतो आणि पलीकडचं यंत्र दोघींतला फरक तेवढा वाचतं, त्यामुळे गोंगाट गळून जातो. माझ्या 'नीटनेटक्या' क्रमात तिसरी तार हिरव्या जोडीतली आणि सहावी निळ्या जोडीतली होती. दोन वेगळ्या पिळांमधल्या तारांना मी एका कामाला जुंपलं होतं. साधा टेस्टर या टोकाची तार त्या टोकाला पोचते की नाही एवढंच तपासतो, पीळ त्याला दिसत नाही. 10 मेगाबिटला, लहान अंतरावर, ही चूक खपून जाते. 100 मेगाबिटला आणि लांब केबलवर ती उघडी पडते. त्या रात्री मी दोन्ही टोकं कापून नव्याने मारली आणि रिपोर्ट झटकन उघडला. रॅमचे पैसे मात्र मी परत केले नाहीत. 'वाढलेली रॅम वायाला जात नाही' असं स्वतःला समजावलं. हे मला अजून खटकतं.

जुन्या स्विचवर 'अपलिंक' नावाचा एक पोर्ट असे. तो बहुधा शेजारच्या शेवटच्या पोर्टशी आतून जोडलेला असे, म्हणजे दोन भोकं दिसली तरी एका वेळी एकच वापरायचं. मी दोन्ही वापरली. पुढे स्विच स्वतःच सरळ-उलटी केबल ओळखायला लागले आणि ते प्रकरण संपलं, त्यामुळे यावर जास्त काही सांगण्यासारखं नाही.

जे प्रकरण संपलेलं नाही ते वेगाचं. एका सूतगिरणीच्या ऑफिसात मी फार हुशारी केली. 'ऑटो'वर, म्हणजे यंत्रांनी आपसांत वेग ठरवून घेण्यावर, भरवसा ठेवू नये, असं कुठूनतरी ऐकलं होतं. म्हणून सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाला हाताने सांगितलं, 100 मेगाबिट, फुल डुप्लेक्स. म्हणजे एकाच वेळी बोलायचं आणि ऐकायचं. स्विच साधा होता, त्यात काही बदलायची सोय नव्हती, तो ऑटोवरच राहिला. आता ऑटोवाल्या बाजूला समोरून वाटाघाटीचं उत्तर आलं नाही, तर तिला वेग ओळखता येतो, पण समोरचा दुहेरी बोलणारा आहे की एकेरी, हे कळत नाही. नियमाप्रमाणे ती एकेरी धरते. म्हणजे सर्व्हर ऐकता ऐकता बोलत होता, आणि स्विचला वाटत होतं, हा मध्येच तोंड घालतोय, टक्कर झाली, पुन्हा पाठवू. दिवा हिरवा. पिंग केलं, म्हणजे नुसतं 'आहेस का?' विचारलं, की उत्तर लगेच. पण पगाराच्या फाइलचा बॅकअप घ्यायला बसलं, की गोगलगायही लाजावी. अकाउंट्सवाल्यांनी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करून झापलं आणि मी शेजारी उभा राहून मान डोलावली. दोष माझा आहे हे मला नंतर कळलं, पण त्या सॉफ्टवेअरवाल्याला मी ते कधी सांगितलं नाही. तांब्याच्या केबलवर गिगाबिट चालवायचं तर वाटाघाटी लागतातच. आता मी दोन्ही बाजू ऑटोवर सोडतो आणि हात खिशात ठेवतो.

लूपचं, म्हणजे केबल फिरून त्याच स्विचमध्ये परत येण्याचं, मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण अख्खं ऑफिस बंद पाडण्याची त्याच्याइतकी स्वस्त पद्धत दुसरी नाही.

एक पतसंस्था. मार्चअखेर. काउंटरखाली मी आठ पोर्टांचा साधा स्विच ठेवला होता आणि पुढेमागे लागेल म्हणून एक जास्तीची पॅच कॉर्ड त्यात खोचून तिचं दुसरं टोक तसंच लोंबत सोडलं होतं. सकाळी झाडलोट करताना शिपाईमामांना ते टोक दिसलं. निघालेली वायर आहे असं समजून त्यांनी ती शेजारच्या मोकळ्या भोकात बसवून टाकली. मामांचा यात काडीचा दोष नाही. मोकळी वायर आणि तिच्या मापाचं मोकळं भोक समोर असेल, तर चांगला माणूस दुसरं काय करेल? दोन्ही दिवे लागले. आणि थोड्याच वेळात एकाही काउंटरवर खातं उघडेना.

मी पोचलो तेव्हा रांग रस्त्यावर आली होती. मी सर्व्हर बंद करून चालू केला. मग इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या माणसाशी फोनवर कडाकडा भांडलो. तो बिचारा सांगत होता, "दादा, आमच्याकडून लाइन सुरू आहे." मॅनेजरसाहेब माझ्यामागे येरझारा घालत होते. रॅकमधल्या स्विचचे सगळे दिवे एकदम, एका तालात, जवळजवळ न विझता लुकलुकत होते, आणि ते बघून मी म्हणालो, "साहेब, ट्रॅफिक तर जोरात चालू आहे, म्हणजे नेटवर्क ठीक आहे." समोर लिहिलेलं उत्तर मी उलटं वाचलं होतं.

इथे स्विच आतून काय करतो ते सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. त्याच्या आधी हब होते. हबला आलेला प्रत्येक संदेश तो डोळे मिटून सगळ्या पोर्टांवर टाकायचा. अनेक पोर्टांचा इथरनेट स्विच बाजारात आणला तो 1990च्या सुमारास 'कल्पना' नावाच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर हे तिचे संस्थापक, आणि कंपनीला नाव दिलं होतं भारद्वाजांच्या पत्नीचं. 1994मध्ये सिस्कोने ती विकत घेतली. स्विच प्रत्येक पोर्टवरून येणाऱ्या संदेशावरचा पाठवणाऱ्याचा पत्ता वाचतो आणि टिपून ठेवतो, हा पत्ता तीन नंबरवर, तो सातवर. मग सातचा माल सातलाच जातो. पण काही संदेश सगळ्यांसाठीच असतात, 'अमुक नंबरचं यंत्र कुठे आहे हो?' अशा पद्धतीचे. ते स्विच सगळीकडे पाठवतो. एका पोर्टमधून बाहेर पडलेला असा संदेश त्याच स्विचच्या दुसऱ्या पोर्टमधून परत आत आला, तर स्विच त्याला नवा समजून पुन्हा सगळीकडे पाठवतो. गावात दवंडी पिटणाऱ्याला वेशीवरून पुन्हा पुन्हा आत वळवावं आणि दर फेरीला त्याने गावभर पुन्हा ओरडावं, तसं होतं. इथरनेटच्या संदेशावर 'इतक्या फेऱ्यांनंतर फेकून द्या' अशी कुठलीही खूण नसते. त्यामुळे तो मरत नाही. शिवाय एकच पत्ता कधी तीनवर, कधी चारवर दिसतो आणि स्विचची टिपणवहीही बिघडते. क्षणात सगळी वाट या आरड्याओरड्याने भरून जाते आणि खातं उघडायचा बिचारा संदेश दारातच अडतो.

मी केबली एकेक काढत गेलो. काउंटरखालच्या स्विचकडे जाणारी केबल काढली आणि सगळं जिवंत झालं. खाली वाकून पाहिलं तर माझीच पॅच कॉर्ड, दोन्ही टोकं शेजारशेजारच्या पोर्टात. मी ती खिशात घातली आणि वर येऊन म्हणालो, "स्विच हँग झाला होता साहेब." मामा तिथेच उभे होते. त्यांना पत्ताच नव्हता आणि मला तोंड नव्हतं.

या आजारावरचं औषध माझ्या चुकीच्या कितीतरी आधीपासून तयार होतं. रेडिया पर्लमन यांनी 1985मध्ये डीईसी या कंपनीत काम करताना 'स्पॅनिंग ट्री' ही पद्धत बसवली. स्विच एकमेकांना बारीक निरोप पाठवत राहतात आणि कुठे वाट गोल फिरतेय असं दिसलं, की त्यातली एक बाजू आपणहून बंद ठेवतात. त्यांनी त्यावर एक छोटी कविताही केली, अशी ही रसिक बाई. पण हे औषध असतं मॅनेज्ड, म्हणजे आतली सेटिंग बदलता येणाऱ्या, स्विचमध्ये. मी पतसंस्थेला बसवला होता सगळ्यात स्वस्त, ज्यात ते नव्हतं. किमतीतला फरक मी त्यांना सांगितलाही नव्हता, कारण कोटेशन हातचं जाईल अशी भीती होती.

औषधही डोळे मिटून घेता येत नाही. बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस या मोठ्या रुग्णालयात नोव्हेंबर 2002मध्ये अख्खं नेटवर्क कोलमडलं. वाढवत वाढवत नेलेली स्विचांची साखळी स्पॅनिंग ट्रीच्या मर्यादेपलीकडे गेली होती. काही दिवस तिथले डॉक्टर आणि परिचारिका कागदावर काम करत होते. तिथल्या संगणक विभागाचे तेव्हाचे प्रमुख जॉन हॅलम्का यांनी काय चुकलं ते पुढे जाहीरपणे, तपशिलासकट सांगितलं. ते वाचलं तेव्हा 'स्विच हँग झाला होता साहेब' हे माझं वाक्य आठवून मला बरं वाटलं नाही.

पतसंस्थेत तोंड पोळल्यावर मी ताकही फुंकायला लागलो. पुढच्या कामात, एका कॉलेजच्या लॅबमध्ये, मॅनेज्ड स्विच लावला आणि स्पॅनिंग ट्री सगळ्या पोर्टांवर तशीच चालू ठेवली. उद्घाटनाला मुलांनी कंप्युटर चालू केले. लिंक आली, आणि निम्म्या कंप्युटरांना नेटवर्कच नाही. त्यांचा आयपी पत्ता पाहिला तर 169.254ने सुरू होणारा, म्हणजे कुणी पत्ता दिला नाही तेव्हा विंडोज स्वतःच घेतं तो. कारण साधं होतं. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये नवी केबल लागली, की पोर्ट 15 सेकंद ऐकतो, 15 सेकंद शिकतो आणि मगच माल सोडतो. तेवढ्यात कंप्युटर पत्ता मागून मागून थकतो. कंप्युटर लावायच्या पोर्टवर ही वाट बघणं बंद करायची सोय असते आणि चुकून तिथे दुसरा स्विच लागला तर पोर्टच बंद करायचीही. ती मी वाचली नव्हती. प्राचार्य म्हणाले, "सर, नवं आहे ना हे?"

राऊटरची गोष्ट सगळ्यांच्या ओळखीची निघेल. वायफाय हवं म्हणून कुणी घरचा जुना राऊटर आणतं, त्याच्या लॅनच्या पोर्टात ऑफिसची केबल खोचतं, आणि तो इमानदारीने सगळ्या ऑफिसला आपल्या मनाचे पत्ते वाटायला लागतो. आमच्या एका गिऱ्हाइकाकडे हे घडलं, तेव्हा राऊटर आणणारा माणूस मीच होतो.

विजेचा भाग वेगळा आहे, कारण तिथे चूक झाली की वास येतो. आजकाल कॅमेरे केबलमधूनच वीज घेतात. 2003च्या मानकाप्रमाणे स्विचचा पोर्ट जास्तीत जास्त 15.4 वॉट सोडतो आणि कॅमेऱ्यापर्यंत 12.95 वॉटचा भरवसा धरायचा, बाकीची वाटेत तारेत जिरते. मी एका गोदामात आठ पोर्टांच्या स्विचवर आठ कॅमेरे लावले. दिवसभर सुरेख चित्र. अंधार पडला की दोन-तीन कॅमेरे बंद पडत, पुन्हा उठत, पुन्हा पडत. चोरी पकडायलाच लावलेले कॅमेरे, आणि नेमके रात्री आंधळे! मी कॅमेरे बदलून आणले, कनेक्टर पुन्हा मारले. मालक म्हणाले, "भूतबित आहे का रे?" स्विचच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं की सगळ्या पोर्टांना मिळून किती वॉट मिळतील, आणि तो आकडा आठही पोर्टांना पुरणारा नव्हता. रात्री कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, खप वाढतो आणि स्विच हात वर करतो. त्यात मी स्वस्तातली केबल टाकली होती, आतून ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. तिची रोधकता तांब्याहून जास्त, म्हणजे तारेत आणखी वीज जिरणार. बिलात मी 'कॉपर' लिहिलं होतं. दुकानदाराने मला तसं सांगितलं होतं हे खरं, पण चाकूने तार खरवडून बघायला मला काय झालं होतं?

मानकाप्रमाणे चालणारा स्विच वीज सोडण्याआधी पलीकडे ठरावीक रोध आहे का ते तपासतो, म्हणून साधा कंप्युटर लावला तरी काही होत नाही. गच्चीवरच्या वायरलेस रेडिओबरोबर येणारा 24 व्होल्टचा इंजेक्टर असं काही विचारत नाही, सरळ ढकलतो. त्याला दोन सारखी भोकं असतात, एक रेडिओकडे, एक स्विचकडे. एका संध्याकाळी घाईत मी ती अदलाबदल केली. एक पोर्ट कायमचा गेला. दुसऱ्या दिवशी मी त्यावर टेप चिकटवला आणि 'राखीव' असं लिहिलं.

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि दोन इमारतींमधली माझी तांब्याची केबल दोन्हीकडचे स्विच घेऊन गेली, तेव्हापासून इमारतीबाहेर मी फायबरच टाकतो. एवढ्यापुरता शहाणपणा लगेच आला.

आता काम संपवताना मी लिंकबद्दल विचारत नाही. मोठी फाइल एकदा इकडून तिकडे पाठवून बघतो. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना नंबर लावतो. लोंबती पॅच कॉर्ड ठेवत नाही, काढून मालकाच्या हातात देतो. आणि मॅनेज्ड, साधा असे दोन्ही स्विच कोटेशनमध्ये किमतीसकट लिहितो. काही कामं त्यामुळे हातची जातात.

तुमच्या ऑफिसात, शाळेत, दवाखान्यात असा एखादा डबा लुकलुकत असेल, तर काम करणाऱ्याकडून कोणत्या पोर्टात काय लागलंय याची यादी मागून घ्या आणि ती मिळेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. यादी कंप्युटरमध्ये ठेवू नका, नेटवर्क बंद पडेल तेव्हा ती उघडणार नाही. कागदावर लिहा आणि रॅकच्या दाराला आतून चिकटवा. झाडलोट करणाऱ्या मामा-मावशींना मात्र यादीआधी एक गोष्ट सांगून ठेवा: मोकळी वायर दिसली तर ती बसवू नका, आम्हाला हाक मारा.